उजवीकडची शेवटची ओळ

४ फेब्रुवारी

अखेर मला समितीवर घेतलंच! विचारलं नाही – घेतलं. "तुमच्या घरचाच मुलगा, तुम्ही थोड्याच नाही म्हणणार," असं फर्निचरवाले अध्यक्ष फोनवर म्हणाले. मी नाहीच म्हणणार होते. तोंड उघडेपर्यंत त्यांनी आभार मानून फोन ठेवला.

चौकातल्या बागेत सैनिकांचं स्मारक होणार आहे. काळा दगड, पुरुषभर उंच, त्यावर इथून लढायला गेलेल्या आणि परत न आलेल्या मुलांची नावं. वरचा मजकूर मी लिहायचा, उद्घाटनाचं भाषणही मीच लिहायचं, वाचणार अध्यक्ष. दर आठवड्याला सदर लिहून लोकांच्या टोप्या उडवणाऱ्या बाईला हे काम! माकडाच्या हाती कोलीत द्यायचं सोडून यांनी फुलं दिली.

आणि ढब्बूचं नाव घालायचं की नाही, ते मी घरी विचारायचं. खरं काम हेच. बाकी सगळी झालर.

५ फेब्रुवारी

नाही विचारलं.

६ फेब्रुवारी

आजही नाही. वहिनी शिवणाच्या मशीनवर होती, दादा त्याच्या चष्म्यांच्या दुकानातून आला तो सरळ झोपला.

ढब्बू म्हणजे दादाचा मुलगा. जन्मला तेव्हा इतका गुटगुटीत की नर्सनेच ते नाव ठेवलं. पुढे शिडशिडीत झाला, सैन्यात गेला, तिथे त्याला आडनावाने हाक मारत – आम्ही मात्र ढब्बूच. सप्टेंबरात नदीवरचा पूल बाँबने पडला. त्याची तुकडी पुलावर होती. बाकीच्यांचे देह मिळाले. ढब्बूचा नाही. वर्दीतले दोघं घरी येऊन सांगून गेले – "बेपत्ता. मृत मानण्यात येत आहे."

मानण्यात येत आहे! कोण मानतंय? दादा मानतो. वहिनी मानत नाही. मी काय मानते ते मला कोणी विचारलेलं नाही, आणि विचारू नये.

७ फेब्रुवारी

जेवताना विचारलं. म्हटलं एकदाचा तुकडा पडू दे.

दादा लगेच म्हणाला, "घाला. घालायलाच हवं."

वहिनीने ताट सरकवलं. मला म्हणाली – त्याच्याकडे बघितलंही नाही – "वन्सं, उद्या तो दारात उभा राहिला तर मी काय सांगू? की बाळा, उशीर केलास, तुझं नाव दगडावर गेलं?"

"अगं पाच महिने झाले!" दादा.

"झाले असतील. मी मोजत नाही."

"मला कुठेतरी हात ठेवायला हवाय गं! सारखा त्या नदीवर जाऊन पाण्याकडे बघतो. पाणी एका जागी थांबतं तरी का?"

वहिनी उठून गेली. मशीन सुरू झालं. तिचं शिवणकाम बाहेरून ऐकलं की कळतं ती रागात आहे की नाही – रागात टाके लांब पडतात.

मी उरलेली भाजी संपवली. एवढंच माझ्या हातात होतं.

११ फेब्रुवारी

पहिली बैठक. अध्यक्षांच्याच दुकानात, विकायच्या सोफ्यांवर, प्लास्टिक न काढता. कोणी हललं की सगळी समिती कुरकुरते.

दगडाचं चित्र भिंतीला टेकवून ठेवलेलं. नावांच्या दोन रांगा. डावीकडची पूर्ण. उजवीकडे खाली एक नाव कमी.

अध्यक्षांना ते बघवेना. "कपाटाचं एक दार आखूड केलं तर गिऱ्हाईक घेईल का हो?"

सेक्रेटरी दातांचे डॉक्टर. ते मान तिरकी करून बघत होते, आमचा जबडा बघतात तसे. म्हणाले, "पुढचा दात पडल्यासारखं दिसतंय."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणजे जणू तो दात पदरात बांधून आणलेली बाई.

"वहिनींची समजूत तुम्हीच काढू शकता," अध्यक्ष म्हणाले. "तुमच्या लेखणीत ताकद आहे."

माझ्या लेखणीत! दोन संपादक जिच्यामुळे घरी बसले ती ही जीभ, आणि तिला आज एक शब्द सुचला नाही. मुलगा गेला की नाही माहीत नाही, आणि यांना तो रांग सरळ करायला हवाय – हे म्हणायला हवं होतं. म्हणाले काय? "बघते." आणि कुरकुरत उठले.

पाथरवट दाराशी उभा होता. त्याचं एकच म्हणणं – महिनाअखेर नावं पक्की करा, एकदा कोरलं की पुसता यायचं नाही.

१३ फेब्रुवारी

भाषणासाठी ग्रंथालयात. मेलेल्या सैनिकांची आठवण ठेवायची सुरुवात कोणी केली, कशी केली. वाटलं होतं पानभर सापडेल. इथे तर कपाटंच्या कपाटं! माणसांनी मारायचं कसब जितकं वाढवलं, तितकंच नंतर रडायचंही.

एक दंतकथा आवडली. लढाईला निघताना प्रत्येकाने एकेक धोंडा आणून ढीग करायचा. परत आलेल्याने आपला उचलून न्यायचा. जे धोंडे उरतील ते स्मारक. समिती नाही, अध्यक्ष नाही, भाषण नाही. ही पद्धत का बरं टिकली नसावी!

आणि एक खरोखरची. जुन्या ग्रीकांच्या एका नगरात लढाईत पडलेल्यांची हाडं पेट्यांत घालून मिरवत नेत, आणि सगळ्यांबरोबर एक रिकामी तिरडीही नेत – नीट सजवलेली. ज्यांचे देह मिळाले नाहीत त्यांची. अडीच हजार वर्षांपूर्वी! म्हणजे तेव्हाही कोणाची तरी वहिनी होती.

पुढे पहिल्या महायुद्धानंतर अनोळखी सैनिकाचं थडगं आलं. कोण ते कोणालाच माहीत नाही, मुद्दामच माहीत करून घ्यायचं नाही. ज्या ज्या आईला मुलगा मिळाला नव्हता, तिने समजावं – हाच असेल.

पुस्तक मिटलं. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "डोळ्यांना त्रास होतोय का? तुमचे बंधू चांगला चष्मा देतात."

१५ फेब्रुवारी

दादाने संमतीची सही केली. अध्यक्षांनी त्याला सांगितलं होतं, आईवडिलांपैकी एकाची चालेल.

वहिनीला कोणी सांगितलं कोण जाणे. ती भांडली नाही. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. दादा बूट घालत होता, तेव्हा म्हणाली, "द्या नेऊन. फक्त एक करा. तो आला तर दार तुम्ही उघडा."

दादा गेला. मी खिडकीतून बघत होते. कोपऱ्यावरच्या लोहारापर्यंत गेला, तिथे उभा राहिला, त्याच्याशी हवापाण्याचं काहीतरी बोलला, आणि परत आला. कागद खिशातच.

"अध्यक्षांचं दुकान बंद होतं," म्हणाला. सकाळी अकराला!

१६ फेब्रुवारी

घरात आता सगळं माझ्यामार्फत. "वन्सं, यांना सांगा गॅस संपत आलाय." "तिला सांग, माहितीये." मी मधली. टपालखातं तरी रविवारी बंद असतं.

दोघांचंही बरोबर आहे. हेच तर वाईट आहे. एकजण जरी गाढव असता तर माझं काम सोपं होतं. गाढवांवर मी अर्धं आयुष्य लिहिलंय.

२० फेब्रुवारी

शांततेची रंगीत तालीम! देवा.

उद्घाटनाला स्तब्ध उभं राहायचं. एक मिनिट की दोन, यावर अर्धा तास वाद. मी सांगितलं, पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा दोन मिनिटं असत, सगळी शहरं थांबत, चालत्या गाड्यासुद्धा. अध्यक्ष म्हणाले, "दोन मिनिटांत लोक मोबाइल काढतात." एक ठरलं.

मग समिती फुटपाथवर ओळीने उभी राहिली. डॉक्टरांच्या हातात घड्याळ. "सुरू!" अध्यक्षांना खोकला आला. "पुन्हा!" दुकानातला नोकर विचारायला आला, पाहुण्यांसाठी किती कप. "पुन्हा!" तिसऱ्यांदा एक बाई पिशव्या घेऊन चालली होती, ती थांबून विचारते, "कोण गेलं हो?"

कोणीच उत्तर दिलं नाही. शांतता होती ना.

मी हसले नाही. लिहून ठेवते, कारण मलाच आश्चर्य वाटलं.

२४ फेब्रुवारी

बैठकीत मांडलं. म्हटलं, ती ओळ रिकामी सोडा. घासूनपुसून, चौकट आखून, पण रिकामी. ग्रीकांच्या तिरडीची गोष्ट सांगितली. चांगली सांगितली असावी, कारण कोणी कुरकुरलं नाही.

मग अध्यक्ष: "लोक म्हणतील काम अर्धवट टाकलं."

डॉक्टर: "तात्पुरतं फिलिंग तरी..."

"काय भरणार?" मी विचारलं.

शेवटी ठराव झाला – काही निश्चित कळेपर्यंत जागा रिकामी, कळलं की नाव. मनासारखं झालं! म्हणजे कोणाच्याच मनासारखं नाही.

घरी सांगितलं. दादा म्हणाला, "म्हणजे हात ठेवायला पुन्हा काही नाहीच." वहिनी म्हणाली, "म्हणजे जागा धरूनच ठेवली आहे त्याची." दोघंही माझ्यावर नाराज. महिन्याभरात नवराबायकोचं पहिल्यांदा एकमत झालं, तेवढं श्रेय मला.

३ मार्च

दगडाला झाकायला कापड शिवायचं काम समितीने वहिनीकडे पाठवलं. कोणाचं डोकं हे! मी परस्पर नको म्हणून सांगणार होते. वहिनीने गठ्ठा माझ्या हातातून घेतला.

"बाकीची मुलं कोणाची तरी आहेतच ना," म्हणाली. आणि मापं घ्यायला बागेत गेली. पाथरवटाने सांगितलं, दगडाला टेप लावताना उजव्या कोपऱ्याला हात लागू नये म्हणून ती वळसा घालून मागून गेली.

टाके बारीक पडताहेत. याचा अर्थ काय, ते पहिल्यांदाच मला कळलं नाही.

१२ मार्च

उद्घाटन झालं. अध्यक्षांनी माझं भाषण वाचलं आणि मधे दोन वाक्यं स्वतःची घातली, ती सगळ्यांना आवडली. शांतता एक मिनिट. कोणी खोकलं नाही. मेलेल्या मुलांच्या आया पुढच्या रांगेत होत्या. कापड ओढलं तेव्हा त्या उठल्या आणि सरळ आपापल्या नावाकडे गेल्या. शोधावं लागलं नाही कोणालाच.

आम्ही तिघं मागे उभे. आमच्यासाठी बघण्यासारखं काही नव्हतं. दादा चष्मा पुसत होता. पुसतच होता.

१६ मार्च

सदर लिहिलं. पाच आठवडे दाबून ठेवलं होतं, ते सगळं. सोफे, कपाट, दात, फुटपाथवरची तालीम. शेवट असा केला – "समितीला त्या ओळीत नाव हवं होतं. खरं सांगायचं तर कुणाचंही चाललं असतं."

छापून आलं. लोक रस्त्यात थांबवून हसताहेत. डॉक्टर बोलत नाहीत – दाढ दुखली तर पंचाईत आहे. बरं वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं.

२० मार्च

आज दुपारी वर्तमानपत्राच्या कचेरीत एक बाई मला शोधत आल्या. साठीच्या पुढच्या. बसने आलेल्या, तीन तासांचा प्रवास करून. चपला धुळीने भरलेल्या. हातात माझं सदर, नीट घडी केलेलं.

म्हणाल्या, "हे तुम्हीच लिहिलंत ना? ती जागा अजून आहे?"

"कोणती जागा?"

"माझा मुलगा आधीच्या लढाईला गेला. वीसेक वर्षं झाली. आला नाही, काही कळवलंही नाही. आमच्या गावात दगडबिगड काही नाही. शेजारच्या मुलीने वाचून दाखवलं, तुम्ही लिहिलंय, कुणाचंही चालेल. म्हणून आले."

माझ्या सगळ्या लेखनात एवढा सरळ वाचक मला मिळाला नव्हता. बाई, तो विनोद होता – हे कसं म्हणतात? कोणत्या तोंडाने? मी म्हटलं, "चला, दाखवते."

बागेत नेलं. त्या दगडापुढे वाकल्या, पदराने रिकामी ओळ पुसली. पुसण्यासारखं काही नव्हतं. मग तिथे तळवा ठेवून उभ्या राहिल्या. मी बाकावर जाऊन बसले. किती वेळ ते माहीत नाही.

परत निघताना म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात येते. जागा कोणी घेणार नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

कोण मी सांगणारी! ठराव काय झालाय ते ठाऊक असताना!

२१ मार्च

घरी सांगितलं. वहिनी ऐकून घेत होती. म्हणाली, "वीस वर्षं?" एवढंच. मग थोड्या वेळाने – "म्हणजे अजून वीस वर्षं वाट बघता येते."

दादा भडकला. "ढब्बूची जागा आहे ती! वाटेल त्याने यायचं आणि हात ठेवायचा? उद्या मी जाऊन सांगतो तिला."

"ती आता पुढच्या गुरुवारी येणार," मी म्हटलं.

"मग गुरुवारी सांगतो."

२७ मार्च

गुरुवार. दादा दुकान बंद करून बागेत गेला, संध्याकाळी परत आला.

"सांगितलंस?"

"तिचा चष्मा फार जुना आहे," तो म्हणाला. "काचा घासून पांढऱ्या पडल्यात. वरची मोठी अक्षरंसुद्धा तिला दिसत नाहीत."

"मग?"

"मग काय? दुकानात नेलं. डोळे तपासले."

मी पाणी आणून दिलं.

३ एप्रिल

दादाने बाईंना नवा चष्मा दिला. गुरुवारची वाट बघत होता, हे मी लिहिलं तर तो नाकारेल.

दुकानातल्या तक्त्यावर तो लोकांना अक्षरं वाचायला लावतो – वरून खाली, बारीक होत जाणारी. आज म्हणे बाईंना तक्त्यापुढे बसवलंच नाही. दगडापुढे नेलं. म्हणाला, "वाचा."

बाईंनी वाचली. डावी रांग, मग उजवी. अडखळत, एकेक मुलाचं पूर्ण नाव. दादा मधून मधून सवयीने म्हणत होता – "पुढची ओळ? दिसते?" "दिसते."

शेवटच्या ओळीपाशी तो थांबला. तिथे काय विचारणार?

बाईंनी ती ओळही वाचली. त्यांच्या मुलाचं नाव, बापाचं, आडनाव. जसं कोरलेलं आहे तसं. थांबल्या नाहीत, अडखळल्या नाहीत.

दादा हे सांगताना हसायला गेला. जमलं नाही. "पाठ असेल," म्हणाला. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसला.

वहिनी बाहेर उभी होती. दार वाजवावं की नाही, असा हात वर करून. वाजवलं नाही. मीही काही केलं नाही. आम्ही दोघी त्या नळाचा आवाज ऐकत उभ्या राहिलो, सरकारी पाणी वाहत होतं, आणि घरात एकालाही ते बंद करता येत नव्हतं.

१० एप्रिल

बाई घरी आल्या. वहिनीनेच बोलावलं. दोघी मशीनपाशी बसून बोलत होत्या. मला एवढंच ऐकू आलं –

"तुमचा काय खायचा?"

"काहीही. दगड घाला म्हणायचा पानात."

आणि दोघी हसल्या! सप्टेंबरानंतर वहिनीचं हसू ऐकलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात उगाचच एक पातेलं दोनदा घासलं.

२४ एप्रिल

उन्हाळा कडक. दादा म्हणतो, नदी आटायला लागली आहे. आता तो तिकडे जात नाही. नदी आटल्याचं त्याला लोहाराने सांगितलं.

सदरासाठी विषय नाही. संपादक म्हणतात, पुन्हा समितीवर लिहा, लोकांना आवडलं. मी म्हटलं, नको. वय झालं असं त्यांनी समजावं.

१ मे

बाई आल्या, गेल्या. दादा बसपर्यंत पोचवून आला.

९ मे

सापडला.

नदीचं पाणी उतरलं, पुलाच्या खांबाखाली. वर्दीतले तेच दोघं आले. ओळख पटली आहे, शंका नाही. या वेळी "मानण्यात येत आहे" म्हणाले नाहीत. दार दादाने उघडलं.

१० मे

वहिनी मशीनवर बसून आहे. मशीन बंद. मी जेवायला वाढलं, मीच उचललं.

१२ मे

त्याला आणला. आमच्या हातांनी सगळं केलं. लिहवत नाही.

१४ मे

सकाळी अध्यक्षांचा फोन. आधी सांत्वन, मग घसा साफ करून – पाथरवट मोकळा आहे, ठरावाप्रमाणे आता हरकत नसावी, उद्याच कोरून टाकू, दोन्ही रांगा पूर्ण होतील.

उद्या गुरुवार.

फोन धरून उभी राहिले. वहिनी माझ्याकडे बघत होती. दादाने फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"नको," म्हणाला. "आमचा घरी आला. त्यांचा अजून तिथेच आहे."